जुनी डर्ट बाइक घेताना: बेळगाव, खानापूर, चंदगडच्या वाटांसाठी

पिरनवाडी, किणये मागे टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की माती लाल होत जाते. बेळगावातूनच पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे निघालात तर काळी रानं लागतात. लाल मातीची धूळ पिठासारखी उडते आणि सापडेल त्या फटीतून आत शिरते. काळी माती पावसात चाकाला अशी चिकटते, की टायर आणि मडगार्डच्या मधे गोळा बसून चाक फिरेनासं होतं. पाणंदीतून, गाडीवाटांवरून हिंडायला जुनी फोर-स्ट्रोक डर्ट बाइक घेणाऱ्याने ही माती आधी ध्यानात घ्यावी. समोर धुऊनपुसून उभी केलेली गाडी इतकी वर्षं हीच माती खात आलेली असते.

माझी पहिली जुनी गाडी मी मीटर बघून घेतली होती. अकरा हजार किलोमीटर, टाकीवर ओरखडा नाही, सीट नवी. तीन महिन्यांत ती चढावर निळा धूर सोडायला लागली. इंजिन उघडल्यावर मिस्त्रींनी पिस्टन पुसून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या अंगावर उभ्या रेघा होत्या, नख फिरवलं तर अडकत होतं. "धूळ खाल्लीय हो हिनं," एवढंच ते म्हणाले. एअर फिल्टरची कड एका बाजूने बसलेलीच नव्हती, आणि ती तशी किती दिवस होती कुणास ठाऊक. ब्लॉक, पिस्टन, रिंगा, सगळं बदलावं लागलं. तेव्हापासून कुणी "कमी चाललेली गाडी आहे" म्हणालं की मी मान डोलावतो आणि सरळ फिल्टरचं झाकण उघडायला सांगतो. रानात फिरलेल्या गाडीने किती धूळ, किती पाणी आणि किती पडझड सोसली हे मीटर सांगत नाही. ते आपल्यालाच वाचायला लागतं.

आधी वाट ठरवा, मग गाडी

माझा सल्ला फोर-स्ट्रोक गाडीच घ्यायचा, ती का हे आधी सांगतो. आपल्याकडे टू-स्ट्रोकचं वेड जुनं आहे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहाची आरएक्स १०० आजही बेळगाव, कोल्हापुरात जिवापाड जपली जाते. पण रानवाटेवर नवख्याला फोर-स्ट्रोक सोपी पडते. तिची ताकद खालच्या आरपीएमला मिळते, त्यामुळे दगडांतून हळू चढताना सारखं क्लच-अॅक्सिलरेटर खेळावं लागत नाही. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही. बदल्यात वजन थोडं जास्त असतं, आणि व्हॉल्व्ह व ऑइल यांची काळजी घ्यावी लागते.

आता कोणती गाडी. आपल्या बाजारात रस्त्यावरही चालेल आणि रानातही जाईल अशी जुनी गाडी म्हटलं की पहिलं नाव हिरो एक्सपल्स २०० चं येतं. ती २०१९ मध्ये आली. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, पोटाखाली २२० मिमी जागा, वजन १५५ किलोच्या आसपास. पुढे २०२१ मध्ये तिची चार व्हॉल्व्हची आवृत्ती आली. तिच्याआधीची, २०११ ची हिरो इम्पल्स आणखी हलकी. तिला दीडशे सीसी इंजिन आणि पुढे १९ इंची चाक आहे. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे प्लास्टिकचे भाग मिळतात का हे आधी दुकानात विचारा आणि मगच तिच्या मागे लागा. २०१६ मध्ये आलेली ४११ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन लांब पल्ल्याला उत्तम. पण वजन २०० किलोच्या जवळ, आणि भातखाचराच्या बांधाखाली आडवी झाली तर एकट्याने उभी करताना कंबर धरते. शिकायच्या पहिल्या वर्षात गाडी पडणारच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत: एकट्याला उचलता येईल तीच घ्या.

केएक्स, वायझेड-एफ, सीआरएफ-आर असल्या मोटोक्रॉस शर्यतीच्या फोर-स्ट्रोक गाड्याही कधीमधी विकायला येतात. त्यांची हलकी फ्रेम आणि उंच शॉकअप बघून जीव अडकतो. पण त्यांचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, इंजिन चालल्याच्या तासांत मोजतात. ठरावीक तासांनी पिस्टन बदलायचा, त्याहून कितीतरी लवकर ऑइल बदलायचं, असा त्यांचा हिशेब. शिवाय नंबरप्लेट नाही, त्यामुळे टेम्पोत घालूनच न्यावी लागते. केएलएक्स ११०, १४० या कावासाकीच्या लहान डर्ट बाइकही भारतात नोंदणीशिवायच विकल्या गेल्या. घरचं रान असेल आणि तिथेच फिरवायची असेल तर त्या चांगल्या. जांबोटीला चहा पिऊन परत येता येणार नाही.

उंचीचंही बघा. साध्या एक्सपल्सची सीट सुमारे ८२५ मिमी उंच, तर लांब शॉकअपवाल्या प्रो आवृत्तीची ८९० च्या घरात. साध्या गाडीला नंतर रॅलीचं सस्पेन्शन बसवलेलं असलं तरी ती तितकीच उंच होते. तिरक्या जमिनीवर निदान एक पाय घट्ट टेकला पाहिजे. दुकानासमोरच्या सपाट काँक्रीटवर बसून हे कळत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उतारावर घ्या आणि मग बसून बघा.

कागद: सीमाभागात हे प्रकरण मोठं

इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण आपल्याकडे गाड्या तीन राज्यांच्या येतात. बेळगावची केए-२२, चिकोडीची केए-२३, चंदगड-गडहिंग्लजकडची एमएच-०९, सावंतवाडीची एमएच-०७, आणि चोर्ला घाट चढून आलेली गोव्याची जीए. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्याने बदली झालेल्या जवानांच्या, अधिकाऱ्यांच्या गाड्याही विकायला निघतात. त्यांच्या प्लेटा कुठल्याही राज्याच्या असू शकतात.

शिनोळीच्या पलीकडची एमएच गाडी बेळगावात राहणाऱ्याला स्वस्त वाटते. पण ती कायम इकडे वापरायची तर बारा महिन्यांच्या आत कर्नाटकात पुन्हा नोंदवावी लागते. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. वर कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. हा टॅक्स गाडीच्या वयानुसार किती पडेल ते आरटीओत विचारून आकडा हातात घ्या, मग किमतीवर बोला. अनेकांचा व्यवहार इथेच फसतो. गाडी दहा हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून घेतात आणि टॅक्स, एजंट, चकरा यांत त्याहून जास्त जातात.

एकाच राज्यातला व्यवहार असेल तर मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी कर्जावर घेतली असेल तर आरसीवर बँकेचा बोजा दिसतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, "पुढच्या आठवड्यात उतरवतो" या शब्दावर तर अजिबात नाही. परिवहनच्या अॅपवर नंबर घालून नोंदणीची तारीख, इन्शुरन्स, पीयूसी बघा. ई-चलन थकलंय का तेही तपासा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तेव्हा जुन्या इम्पल्सची उरलेली वर्षं बोटावर मोजा. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला चौदा दिवसांची मुदत असते. आरसीच्या नादात हे राहून जातं.

मग चेसिस नंबर. हँडलच्या मानेजवळ तो ठोकलेला असतो. चिखलाने भरला असेल तर फडक्याने पुसा, कागद धरून वर पेन्सिल घासा आणि उमटलेला आकडा आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. इंजिन नंबरचंही तसंच. शर्यतीत, रॅलीत वापरलेल्या गाडीचं इंजिन किंवा फ्रेम बदललेली असू शकते, म्हणून हा कंटाळा करू नका.

गोव्याच्या गाडीबद्दल एक गोष्ट. तिथे भाड्याने देतात त्या दुचाक्यांच्या काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असतात. अशी गाडी पुढे खासगी होऊन विकली जाते. ती आधी भाड्याची म्हणून नोंदलेली होती का ते विचारा. भाड्याची गाडी शेकडो हातांनी चालवलेली असते, आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने स्पोक, सायलेन्सरचा नळा, वायरींचे जोड यांना गंज धरलेला असतो.

सकाळी जा, गाडी थंड असताना

मालकाला आदल्या दिवशीच फोनवर सांगा: "दादा, मी यायच्या आधी चालू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम लागलं तर आधी चालू करून ठेवलेलं आहे. थंड इंजिनाची दुखणी लपवायची ती पद्धत आहे. तेवढ्यावरून सोडून यायची गरज नाही, पण मग तासभर बसायची तयारी ठेवा.

थंडीत एक-दोन प्रयत्नांत चालू व्हावी. सुरुवातीला टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाची, बारीक टिकटिक चालेल. खरं तर फोर-स्ट्रोकमध्ये थोडं बोलणारं टॅपेट परवडतं. अगदी गप्प आणि घट्ट टॅपेट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि तो जळतो. वरच्या बाजूने साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल आणि गरम झाल्यावरही जात नसेल तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर संपलेला आहे. खालून, पोटातून "ठक ठक" असा जड आवाज आला तर पुढे काही बघू नका, नमस्कार करून निघा.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो बहुतेक वेळा स्वस्तात सुटतो. सकाळी थोडी पांढरी वाफ दिसली तर घाबरू नका, आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती दिसतेच.

धूळ

आता फिल्टर. हाच या सगळ्या तपासणीचा गाभा आहे, म्हणून हाताशी स्क्रूड्रायव्हर आणि एक पांढरं, स्वच्छ फडकं घेऊन जा.

झाकण उघडून फिल्टर बाहेर काढा. फिल्टर मळका असणं हा दोष नाही. धूळ अडवायला तर तो बसवलाय. बघायची ती त्याच्या पलीकडची बाजू, म्हणजे जिथून हवा इंजिनकडे जाते ती रबरी नळी. फडकं बोटाला गुंडाळा, नळीत आत घाला आणि एकदा गोल फिरवून बाहेर काढा. फडकं स्वच्छ आलं किंवा ऑइलचा हलका पिवळट डाग लागला तर मन निम्मं निश्चिंत करा. लाल माती आली, बोटांनी चोळल्यावर करकरली, तर ती धूळ पिस्टनपर्यंत पोचलेली आहे. जांभ्याची ती माती ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी रिंगांना घासते. मग वरून गाडी कितीही सुंदर असो.

फिल्टरची कड बघा. सगळीकडे सारखी दबलेली असली पाहिजे. एका बाजूला धुळीची बारीक रेघ कडेवरून आत गेलेली दिसली तर हवा तिथूनच चोरून जात होती. माझ्या गाडीत नेमकी हीच रेघ होती, पण तेव्हा मी झाकणच उघडलं नव्हतं.

मग ऑइल. काडीवरचं ऑइल बोटांत घेऊन चोळा आणि उन्हात धरा. काळं असलं तरी हरकत नाही. चमचम करणारे कण दिसले तर आत धातू झिजतोय. कुणी आदल्याच दिवशी नवं, मधासारखं ऑइल भरून ठेवलं असेल तर कौतुक करायच्या आधी विचारा, जुनं कसं होतं.

पाणी

खानापूर, कणकुंबीचा पाऊस आणि पावसाळ्यात भरून वाहणारे ओढे बघता आपल्याकडची गाडी पाण्यात गेलेलीच असणार. गेली हे वाईट नाही. फिल्टरमधून पाणी ओढलं का, हा प्रश्न. इंजिनात पाणी शिरलेलं असताना ते फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलमध्ये पाणी मिसळलं असेल तर ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं होतं. नुसत्या झाकणाच्या आत थोडी साय दिसली तर ती पावसाळ्यात कमी अंतर चालवल्यानेही येते. काडीवर किंवा काचेत दुधाळ दिसलं तरच चिंता.

चाकांचे बेअरिंग पाण्याने आणि प्रेशर वॉशरने लवकर मरतात. गाडी स्टँडवर घेऊन चाक वर-खाली हलवा, खडखड जाणवता कामा नये. वायरींचे जोड हिरवट पडलेत का ते बघा. दिवा, इंडिकेटर, हॉर्न सगळं लावून बघा.

पडझड

लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, फूटरेस्ट यांवर ओरखडे असणारच. ते नसतील आणि सगळं कोरं असेल तर काय काय बदललं ते विचारा.

खरी तपासणी खाली वाकून. इंजिनखालची पट्टी दबली असेल तर तिच्यामागची इंजिनची बॉडी बघा. तिथे एमसीलचा राखाडी थर, किंवा आजूबाजूला नसलेला ताजा रंग दिसला तर बॉडी फुटलेली होती. हँडलची मान, स्टँडचा जोड, फूटरेस्टचे कान या ठिकाणी वेल्डिंग नवं आहे का ते पाहा. हँडल डावीकडे-उजवीकडे हळू फिरवा. मधे अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंगमध्ये, खड्डे पडलेत. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवली आणि मानेत "टक" जाणवलं तर तोच सैल आहे. कोनसेट बदलणं महाग नाही, पण भाव पाडायला उपयोगी.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर नख फिरवा. नखाला अडकणारा ओरखडा असेल तर सील कितीदा बदला, ऑइल गळतच राहणार. मागचं चाक धरून बाजूला ढकला, स्विंग आर्मच्या बुशमध्ये खेळ जाणवतो का. स्पोक एकेक करून पान्याने हलके वाजवा. घट्ट स्पोक "टिण" वाजतो, सैल स्पोक "थप" करतो. दोन-चार सैल चालतील, पण रिम वाकली असेल तर ती सरळ करून घेण्याचा खर्च धरा. चेन मागच्या चक्राच्या अगदी पाठीमागून ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-सॉकेट संपलं.

चालवून बघा, आणि परत चालू करा

गाडीची आरसी आणि आपलं लायसन्स हाताशी, आपलं हेल्मेट डोक्यावर असू द्या. एक लहानसा चढ निवडा. राजहंसगडाकडे जाणाऱ्या रस्त्यासारखा चढ पुरेसा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण द्या. इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही असं झालं तर क्लचप्लेट गेल्या. गिअर लोडवर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागणार, आणि तो खर्च मोठा. फूटरेस्टवर उभे राहून थोडं चालवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर फ्रेम किंवा शॉकअप वाकडा.

परत आल्यावर गाडी बंद करा, दोन मिनिटं थांबा, आणि गरम इंजिन पुन्हा चालू करा. थंडीत फटकन चालू होणारी पण गरम झाल्यावर दमवणारी फोर-स्ट्रोक बहुतेक वेळा व्हॉल्व्हचं दुखणं सांगत असते. मधल्या रानात, ओढ्याच्या काठी बंद पडली तर हीच गोष्ट जिवावर येते.

भाव

ओएलएक्सवरच्या किमतीवरून भाव ठरवू नका. बघताना जे जे दिसलं ते कागदावर लिहा: टायर, चेन-सॉकेट, कोनसेट, ब्रेक पॅड, फिल्टर, सील. उद्यमबाग किंवा तुमच्या गावातल्या ओळखीच्या मिस्त्रींना तो कागद दाखवून खर्चाचा आकडा घ्या आणि मालकासमोर मोकळेपणाने ठेवा. चांगला मालक चिडत नाही. मला दुसरी गाडी विकणाऱ्याने स्वतःहून वही काढली. ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी धुतला, तारखेसकट. ती गाडी मी त्याने मागितलेल्या किमतीला घेतली. वजाबाकी करायला मनच झालं नाही.

घरी आणल्यावर

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल हे पहिल्या आठवड्यात बदला, मालकाने काहीही सांगितलेलं असो. कोनसेट आणि मागच्या शॉकअपचे जोड उघडून ग्रीस भरा. टॅपेटची फट मोजून घ्या. ट्यूबवाल्या टायरमध्ये हवा फार कमी करू नका. जांभ्याच्या दगडावर चाक आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटली जाते.

भीमगड अभयारण्य २०११ पासून संरक्षित आहे. त्याच्या वाटांवर, आणि खानापूरच्या राखीव जंगलात, परवानगीशिवाय गाडी घालू नका. दंड होतो म्हणूनच नव्हे, पावसाळ्यात सड्यांवर उगवणारी झाडं एका चाकाच्या रेघेखाली चिरडली जातात. आपल्या गावांच्या पाणंदी, उसाच्या गाडीवाटा, माळ हे फिरायला भरपूर आहे. शेताच्या कडेने जाताना वेग कमी करा, समोर बैलगाडी आली तर इंजिन बंद करून थांबा, आणि ज्याच्या रानातून वाट जाते त्याला एकदा "मामा, जाऊ का इथनं?" असं विचारा. नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू असते. वळणावर ट्रॅक्टर-ट्रॉली अचानक समोर येते. चोर्ला, आंबोलीकडे संध्याकाळी गवे रस्त्यावर असतात.

पहिली मोठी फेरी झाली की घरी येऊन स्पोक पुन्हा वाजवून बघा, बहुतेक दोन-तीन सैल झालेले असतात. आणि तेच पांढरं फडकं घेऊन रबरी नळीत बोट फिरवा.